खिशातली स्लाइड

"ती काढू नगा. हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

"ऐंशी स्लाइडांत एक नसली तर कोणाला कळणार आहे, कांचन?"

"मला कळंल."

"तुला तर सगळं पाठच आहे. मग बघायची काय गरज?"

असं म्हणून एकनाथनं ती स्लाइड गोल ट्रेमधून उपसली, दिव्यापुढं धरून एकदा बघितली आणि शर्टाच्या खिशात घातली. कांचन ओट्यापाशी वांगी चिरत होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, खिशाकडं बघितलं, आणि पुन्हा वांग्याला लागली. माणदेशातली बाई भांडण सोडत नाही, बाजूला ठेवते.

साल चौऱ्याऐंशी, ऑक्टोबर महिना, गाव अमेरिकेतलं ट्रॉय. तिथल्या मराठी मंडळात तेव्हा एक रीत होती. जो कुटुंबकबिला सुट्टीला कुठं लांब जाऊन येईल, त्यानं पुढच्या शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमधे सगळ्यांना स्लाइडा, म्हणजे मशीनच्या उजेडानं भिंतीवर पाडायचे फोटो, दाखवायच्या. नवऱ्यानं मशीन चालवत माहिती सांगायची, बायकोनं पातेलंभर काहीतरी करून न्यायचं. नायगाऱ्याच्या स्लाइडा बघून बघून लोकांचे डोळे पाण्यानं भरले होते. या खेपेला मात्र एकनाथ आणि कांचन पेरू देशातून आली होती. लिमा, कुस्को, माचू पिच्चू, पुनोचं तळं, आरेकिपा, असे तेरा दिवस, गाईडसकट. शिवाय दिवाळीत मंडळाचा नवा अध्यक्ष निवडायचा होता आणि मंडळात ज्यांचा शब्द चालायचा त्या डॉक्टर गिरीश यांनी एकनाथच्या पाठीवर दोनदा थाप मारली होती. म्हणून ती एक स्लाइड खिशात गेली.

स्लाइडेत वाईट काही नव्हतं. मातीच्या भुईवर दोन बाया उकिडव्या बसलेल्या. एकीच्या अंगावर एकावर एक चार घागरे आणि डोक्याला फेल्टची टोपी. दुसरीची सहावारी, वर स्वेटर, पायात पोराचे जुने बूट. मधे वाटायचा दगड. टोपीवालीनं साडीवालीचं मनगट धरलेलं, आणि दोघी हसतायत. बस्स.

आता ही साडीवाली कोण, ते सांगितलं पाहिजे.

कांचन माणदेशातल्या पाथरवटाची पोर. बाप जाती, पाटे, उखळं घडवायचा आणि आई गावोगाव टाकी लावत हिंडायची. आताच्या पोरांना हे ठाऊक नसणार. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. अशा पाट्याला छिन्नीनं बारीक बारीक टोचे मारून पुन्हा खरबरीत करायचं, त्याला म्हणायचं टाकी लावणं. कांचनची आई एका गावात सकाळी शिरली की उन्हं कलेपर्यंत वीस-पंचवीस दारांत बसायची. पायरीवर बसायचं, पाटा बाहेर आणून मिळायचा, काम झालं की पसाभर जोंधळं पदरात. कांचन आठव्या वर्षापासून आईच्या मागं. दहाव्या वर्षी तिच्या हाताचा टोचा आईच्या टोच्यातून ओळखू यायचा नाही.

एकनाथही त्यातलाच. पण गडी डोक्यानं तल्लख. वसतिगृहात राहून शिकला, इंजिनिअर झाला, मोटारींच्या कंपनीत लागला. वसतिगृहाच्या खाणावळीत त्याचं ताट वेगळं मांडलेलं असायचं, हे त्यानं कांचनला लग्नानंतर एकदा सांगितलं, पुन्हा कधी नाही. अमेरिकेत आल्यावर त्यानं बायकोला तीन उत्तरं पढवून ठेवली. गाव कुठलं? सातारा. वडील काय करत? कंत्राटदार. तुम्ही काय करता? लेटरिंगचं काम.

लेटरिंग म्हणजे अक्षरं काढणं, पण खरं काय, तर ट्रॉयच्या बाहेर हायवेला लागून थडग्यांचे दगड बनवायचा एक कारखाना होता, तिथं कांचन कामाला होती. पोराला पोहायच्या शिकवणीला सोडून येताना तिला तिथं एक माणूस दगडाची कड फोडताना दिसला. नावं, तारखा तिथं मशीननं कोरत, वाळूच्या फवाऱ्यानं. पण दगडाच्या बाजू नुकत्या फुटलेल्या डोंगरासारख्या ओबडधोबड दिसाव्यात ही गिऱ्हाइकाची हौस, आणि ते छिन्नी-हातोडीशिवाय होत नाही. तो माणूस छिन्नी भलतीच उभी धरत होता. कांचननं दोन मंगळवार सोसलं. तिसऱ्या मंगळवारी आत जाऊन त्याच्या हातातली हातोडी घेतली. मालक म्हातारा स्टॅन बघत उभा राहिला आणि म्हणाला, सोमवारपासून ये. त्याला आठ वर्षं झाली. पोरगा आता कॉलेजला अ‍ॅन आर्बरला गेला, कांचन अजून कडाच फोडते.

तर पेरूला ही दोघं गेली ती डॉक्टर गिरीश आणि त्यांच्या बायको वसुधावहिनींबरोबर. उरलेली चौदा माणसं अमेरिकन. कुस्को अकरा हजार फुटांवर. विमानातून उतरल्या उतरल्या एकनाथचं डोकं जे धरलं ते सुटलं नाही. डॉक्टरांना तर हॉटेलात नळी लावून ऑक्सिजन दिला, आणि ते झोपल्या झोपल्या सगळ्यांना सांगत होते की यात घाबरण्यासारखं काही नाही. कांचनला काही झालं नाही. तिनं कोकाच्या पाल्याचा चहा पिला, उकडलेले बटाटे खाल्ले आणि बाजारात जाऊन मक्याच्या कणसांचे सात रंग मोजून आली. पाठीला पोरं बांधून ओझी वाहणाऱ्या बाया बघून तिनं एकनाथला सांगितलं, की आपल्याकडच्या बाया आन या, नुसती टोपी काय ती जास्ती. एकनाथ म्हणाला, हळू बोल, वहिनी ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी हुलिओ नावाच्या गाईडनं त्यांना एका गल्लीत नेलं. तिथल्या जुन्या भिंतीत बारा कोनांचा एक दगड आहे. बाराही बाजूंनी शेजारचे दगड असे बसलेत की मधे सुरीचं पातं जात नाही, चुना नाही, माती नाही. हुलिओनं सगळ्यांना विचारलं, लोखंड ठाऊक नसलेल्या लोकांनी हे कसं केलं असेल? ओहायोचा एक म्हातारा म्हणाला, आभाळातून कुणी तरी उतरलं असणार. त्याची बायको म्हणाली, दगड वितळवायचं रसायन असेल, आता ते हरवलं. डॉक्टर गिरीश नळीतून नुकतेच सुटले होते, पण त्यांनीही सांगितलं की भारतात पूर्वी मंत्रानं शिळा हलत.

कांचन भिंतीपाशी जाऊन उभी होती. तिला दिसत होतं ते अगदी साधं होतं. दगडाच्या पोटावर मोठाले टोचे, कडेला येता येता बारीक. जोर मधे मारायचा, कडेला हात आवरायचा, नाहीतर टवका उडतो. तिचा बाप असंच करायचा. खालच्या अंगाला काही दगडांना बोंडं ठेवली होती, दोर अडकवायला. फक्त छिन्नीच्या जागी यांनी दगडावर दगड हाणला होता. तिनं एकनाथच्या कानाशी तसं सांगितलं. एकनाथनं कोपरानं तिला ढोसलं. ती गप्प बसली.

गप्प बसली खरी, पण रात्रभर तिच्या मनातून ते जाईना. आभाळाचं नाव घेतलं, रसायनाचं घेतलं, मंत्राचं घेतलं. ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याचं तेवढं कुणी घेतलं नाही. आणि ती स्वतःही तोंडाला कुलूप लावून उभी होती, कारण तिचा बाप कंत्राटदार होता.

तिसऱ्या दिवशी बस ओयान्ताइताम्बोला गेली. डोंगराच्या अंगाखांद्यावर दगडी पायऱ्यांची शेतं, खाली गाव, गल्लीतून पाण्याचे पाट वाहतायत. हुलिओनं सगळ्यांना एका जुन्या घरात नेलं. आत भुईवर गिनीपिग पळत होते, आणि सातुर्निना नावाची म्हातारी वाटायला बसली होती. त्यांचा पाटा मोठा, सपाट. वरवंटा अर्ध्या चंद्रासारखा, तो दोन्ही हातांनी धरून डुलवायचा. मिरची वाटताना म्हातारी दम खात होती. कांचननं वाकून दगडावर तळवा फिरवला. काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

तिनं हुलिओला विचारलं नाही की कुणाला विचारलं नाही. बाहेर पाटात गेली, चार गोटे उचलले, एकमेकांवर वाजवून बघितले, एक ठेवला. आत येऊन म्हातारीसमोर उकिडवी बसली, मिरची बाजूला सारली आणि टोचायला लागली. टक, टक, टक. अमेरिकन मंडळी भोवती जमली.

एकनाथ दाराच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. आवाज ऐकून त्यानं वर बघितलं.

"कांचन, ऊठ," तो मराठीत म्हणाला. "लोक बघतायत."

"बगू द्यात."

"वहिनी आहेत इथं."

"त्यास्नी बी बगू द्यात."

आणि इथं तिची चूक झाली. आपल्याकडं पाट्यावर वरवंटा पुढं-मागं ओढतात, म्हणून टाकी आडव्या ओळींत लावायची, म्हणजे वरवंट्याखाली मिरची ओळींत अडते. सवयीनं कांचननं तशाच ओळी घातल्या. पण या लोकांचा वरवंटा डुलतो डावी-उजवीकडं. म्हातारी थोडा वेळ बघत राहिली, मग तोंडावर हात घेऊन हसायला लागली. तिनं कांचनचं मनगट धरलं आणि हात काटकोनात फिरवला: असं नाही बाई, असं. कांचनला कळलं, आणि तीही हसली. पाट्याला टाकी लावायला तिला आईखेरीज कुणी शिकवलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा शिकत होती. हुलिओच्या हातात एकनाथचा कॅमेरा होता. त्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

काम झाल्यावर हुलिओनं इंग्रजीत विचारलं, हे कुठं शिकलात? वसुधावहिनी दोन हात अंतरावर उभ्या होत्या. कांचननं उत्तर इंग्रजीत दिलं आणि मग तेच त्यांच्याकडं तोंड करून आपल्या बोलीत सांगितलं.

"माजी आय दारोदार टाकी लावायची, वयनी. तिच्याकडनं शिकले. माजा बाप पाथरवट. कंत्राटदार-बिंत्राटदार कुनी नव्हतं आमच्यात."

म्हातारीनं परकरानं भुई पुसली, कांचनला शेजारी बसवलं आणि उकडलेले बटाटे पुढं केले.

संध्याकाळी हॉटेलात जेवताना वहिनींना बोलायचं सुचलं. बाई मनानं वाईट नव्हती. साताऱ्याच्या पेठेतलं त्यांचं माहेर, आणि त्या अगदी सहज, जुनी आठवण म्हणून सांगायला लागल्या, की आमच्याकडं पण टाकीवाली यायची, पायरीवर बसायची, छान काम करायची, आणि ती गेली की आजी पाटा धुवून घ्यायची.

"दगडाची कच असते ना त्यात," त्या पुढं म्हणाल्या. "मिरचीत गेली तर दाताखाली येते."

"कच धुवायची तर पाटा धुवा की," कांचन म्हणाली. "पायरी कशाला धुत व्हता, वयनी?"

वहिनींनी पाण्याचा ग्लास ओढून घेतला.

"आय कोपऱ्यावर वळंस्तवर पान्याचा आवाज याचा. मी तिचा हात धरून चालायची. मला वाटायचं, लई सोच्छ मानसं हायेत."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवून खिडकीतून डोंगर बघितला. एकनाथ डोकं दुखतंय म्हणून उठून गेला. पुढं माचू पिच्चू झालं, तळं झालं, आरेकिपाचे पांढरे दगड झाले. चौघं एकाच बसमधे होती, पण बाकं वेगवेगळी. माचू पिच्चूला कांचन एकटीच वरपर्यंत चढली आणि प्रत्येक भिंतीवर हात ठेवून आली.

आता आलं ते तुमच्या ध्यानात, स्लाइड खिशात का गेली.

शनिवारी गिरीश डॉक्टरांच्या बेसमेंटमधे पंचेचाळीस माणूस जमलं. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर, वर स्वैपाकघरात पातेली. कांचनचं भरलं वांगं सगळ्यांत आधी संपायचं, ही मंडळाची जुनी ख्याती. दिवे घालवले, मशीनचा पंखा घुरघुरला आणि एकनाथ बोलायला लागला. बोलणं त्याचं चांगलंच. इंका राजांची नावं, दगडांची वजनं, समुद्रसपाटीपासूनची उंची. त्या बारा कोनांच्या दगडापाशी आला तेव्हा म्हणाला, हे कसं घडवलं ते आजही जगाला न सुटलेलं कोडं आहे. लोकांनी वा वा केलं. पुढं डोंगरातली शेतं आली, ओयान्ताइताम्बोची गल्ली आली, पाण्याचा पाट आला. मग खटका वाजला आणि भिंतीवर लामा नावाच्या तिकडच्या लांबमान्या जनावराचं तोंड आलं.

"एक ऱ्हायलं," मागून कांचन म्हणाली.

लोकांना वाटलं, स्वैपाकघरातलं काही. एकनाथनं पुढचा खटका दाबायला बोट नेलं.

"थांबा. लामाच्या आदी एक हाय. तुमच्या खिशात ऱ्हायलंय ते."

ती खुर्च्यांमधून पुढं आली आणि मशीनशेजारी उभी राहिली. मशीनच्या उजेडात एकनाथचं तोंड खालून दिसत होतं. त्यानं शर्टावर हात ठेवला, जसा पाकीट मारलं जाईल म्हणून ठेवतात तसा. पंचेचाळीस माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, अरे दाखव ना यार, असेल मजेशीर काहीतरी. शेवटी त्यानं लामा काढला, खिशातली स्लाइड काढून जागेवर घातली आणि खटका दाबला.

स्लाइड उलटी पडली. दोन्ही बाया डोकं खाली, पाय वर. सगळे हसले. एकनाथला ती चटकन काढता येईना, म्हणून कांचननं स्वतः काढली, फिरवली, घातली.

मग तिनं सांगितलं. भिंतीपुढं उभी राहून, घागऱ्यांची सावली अंगावर घेऊन, आपल्या बोलीत. ही सातुर्निना. ही मी. मी टाकी उलटी लावत होते, ती सुलटी शिकवतीया. त्या बारा कोनांत कोडं-बिडं काही न्हाई, तितं आमच्यासारख्यांचा हात हाय. मधे मोठा टोचा, कडेला बारीक, कुणीबी जाऊन बघावं. माझा बाप पाथरवट, आई टाकीवाली. आणि मी लेटरिंग करत न्हाई, मी थडग्यांच्या कडा फोडते.

खोलीत कुणी खोकलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सभ्य आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की... कुठल्या?"

"आत्ताच तर सांगितलं, पाथरवट. पुन्यांदा सांगू का, मागच्यास्नी ऐकू गेलं नसंल तर?"

लामा परत आला, पुनोचं तळं आलं, आरेकिपा आलं. एकनाथनं ते सगळं चार मिनिटांत संपवलं. दिवे लागले. जेवणं झाली. निघताना कांचननं आपलं पातेलं उचललं तेव्हा ते जड लागलं. झाकण काढून बघितलं तर निम्मं वांगं तसंच.

घराच्या दारात किल्ली लावताना एकनाथ म्हणाला, "अध्यक्षपद गेलं समज."

"जाऊ द्या. वांगं उरलंय, दोन दिस सैपाक नगं."

दिवाळीत अध्यक्षपद गेलंच. त्र्यंबक नावाच्या नागपूरच्या एकाला मिळालं. त्या शनिवारनंतर चार दिवस एकनाथनं वांग्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी फ्रीजमधलं उरलंसुरलं वांगं गरम करून त्यानं ओट्याशी उभ्यानंच खाल्लं. चारचौघांत बायकोचं काम कुणी विचारलं तर अजूनही तो लेटरिंग म्हणतो. कांचन त्याला अडवत नाही. तो म्हणाला की शेजारून ती दुरुस्त करते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात जेवणाच्या सुट्टीला, हवा आता चावरी झाली होती, वसुधावहिनींची गाडी आवारात येऊन उभी राहिली. वहिनींनी काच खाली केली. आवारभर दगड उभे होते, काही कोरे, काहींवर नावं. त्यांनी गाडीतूनच हाक मारली. डिकीत सासूबाईंचा पाटा आहे, बारा वर्षं त्याच्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली होती. टाकी लावून देशील का? कांचन रुमालानं हात पुशीत आली.

"देईन की."

"मग इथंच घेतेस का बाहेर? म्हणजे... ते सगळं..." त्यांनी थडग्यांकडं बोट केलं.

"बाहेर न्हाई लावत मी आता. आत या. पाटा तुमीच आना, जड न्हाई एवढा. आन पसाभर तांदूळ आनलेत का? न्हाई? मंग पाटा न्याला याल तवा आना, पन आना."

वहिनी उतरल्या, डिकी उघडली, पाटा छातीशी धरला आणि उंच टाचेचे बूट चिखलात रुतवत, मेलेल्यांच्या नावांमधून वाट काढत आत आल्या. पाटा कुठं ठेवू म्हणून इकडंतिकडं बघितलं.

"ठिवा तितं. बसा." कांचननं कोऱ्या दगडाकडं हात केला. "आदी या बाईच्या थडग्याची कड पुरी करते. तिचा लेक तीन वाजता येनार हाय."

वहिनी दगडावर बसल्या. कांचननं चष्मा चढवला, छिन्नी कडेला लावली, कलती केली आणि हातोडी उचलली.